शेरा : निरंक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचे व्यापारी वहीची पूजा करतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर ‘श्री’, पुढे विडा-सुपारी, आणि मग सारे घरदार त्या वहीपुढे हात जोडून उभे राहते. लक्ष्मीच्या शेजारी कागदाचे एक बाड मांडावे आणि दोहोंना एकाच करंड्यातले हळदकुंकू वाहावे, ह्यात आपल्या पूर्वजांचे मोठे शहाणपण होते. वही खोटी लिहिली तर लक्ष्मी त्या घरात फार दिवस टिकत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुढे दोन दिवसांनी यमद्वितीया येते. त्या दिवशी यमाचे नाव निघते आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या कारकुनाचे, चित्रगुप्ताचेही निघते. म्हणजे दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन वह्यांना नमस्कार करतो : एक नफ्यातोट्याची, दुसरी पापपुण्याची.

वाचकहो, मी आज तिसऱ्या वहीविषयी लिहिणार आहे. ती देशाची वही. कोणाला कोणी मारले, का मारले आणि मग पुढे काय झाले, हे जिच्यात लिहिलेले असायला हवे ती. फराळाच्या ताटाशेजारी असला विषय मांडणे रीतीला धरून नाही, हे मला कळते. ‘सणासुदीला हे काय काढलेत?’ असे घरातली वडील मंडळी म्हणतील, तेही कळते. परंतु वर्षाचा हिशेब दिवाळीलाच बघायचा असतो, आणि घरातली सगळी माणसे एकत्र असतात तेव्हाच बघायचा असतो. तेव्हा चकलीचा तुकडा हातात असू द्या. मी माझे भांडण मात्र आजच मांडणार.

माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की मी आयुष्यभर कारकुनी केली. जुन्या चांदा जिल्ह्यात, माझ्या नोकरीच्या काळातच १९८२ साली ज्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले त्या मुलखात, माझी सारी हयात गेली. कारकुनाला जग रकान्यांतून दिसते, म्हणून लोक त्याला हसतात. हसोत बापडे! पण त्या हसणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगतो. ज्याला रकाना आहे ते सरकारला दिसते. ज्याला रकाना नाही ते घडलेले असूनही घडलेले नसते. आणि रकाना असून त्याच्यापुढे लिहिण्यासारखे काही नसेल, तर तिथे एक शब्द पडतो : ‘निरंक’. सरकारी मराठीत ह्याच्याइतका सुखाचा दुसरा शब्द नाही. निरंक म्हणजे प्रश्न नाही, पत्रव्यवहार नाही, वरून विचारणा नाही. निरंक तक्ता पाठवणाऱ्याला रात्री शांत झोप लागते आणि निरंक तक्ता स्वीकारणाऱ्यालाही लागते. ज्याच्या दुःखावर तो शेरा पडला त्याला लागते की नाही, हे विचारायला मात्र कोठल्याही नमुन्यात जागा नाही.

ह्याच मुलखातल्या दोन गोष्टी पाहा. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून, जिवती तालुका आहे. तिथल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये सात दलित माणसांना भर चौकात खांबांना बांधून मारले. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसे होती. आरोप काय, तर त्यांनी भानामती केली! दुसरी गोष्ट गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावची. तारीख १ मे २०२४. इकडे शहराशहरांत महाराष्ट्र दिनाचे झेंडे फडकत होते, आणि तिकडे चेटूक केल्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळून टाकण्यात आले. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली. जिवतीतही गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. पोलीस झोपा काढीत होते, असे मी म्हणत नाही. माझे भांडण त्याच्या पुढचे आहे. हे गुन्हे देशाच्या वहीत कोणत्या पानावर गेले?

देशाची ही वही १९५३ पासून दरवर्षी निघते. ‘क्राइम इन इंडिया’ हे तिचे नाव, आणि १९८६ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग ती लिहितो. तिच्यात खुनाच्या तक्त्याला कारणांचे रकाने आहेत : जुने वैर, मालमत्तेचा वाद, प्रेमप्रकरण, आणि हो, जादूटोणाही. २०२२ साली त्या रकान्यात ८५ खून मांडलेले आहेत. एका वर्षात पंचाऐंशी माणसे! पण हा रकाना मेलेल्यांचा आहे. जी मेली नाहीत, खांबाला बांधली गेली, जिचे केस कापले, जिला गावातून हाकलले, तिच्यासाठी मारहाणीच्या तक्त्यात असा जादूटोण्याचा रकाना नाही. तिची गणना दारूच्या गुत्त्यावरच्या हाणामारीबरोबर एकाच बेरजेत होते. शिवाय ह्या वहीचा एक नियम आहे. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत मोठा तेवढा मोजायचा. घर लुटले, बाईची विटंबना केली, शिवीगाळ केली आणि शेवटी खून केला, तर वहीत खून एक. बाकीचे त्या एकाच्या पोटात गडप.

आता आपल्याकडे कायदे नाहीत, असे कोणी समजू नये. कायद्यांच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणारे नाही! अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याचा कायदा १९८९ चा. २०१५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. त्या दुरुस्तीत दलित वा आदिवासी माणसाला चेटकाच्या आरोपावरून शारीरिक इजा किंवा मानसिक क्लेश देणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्राने तर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावरच त्याचा वटहुकूम निघाला. कोणावर करणीचा आरोप ठेवून त्याचा छळ करणे ह्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धही आपण कायदा केला. तीन कायदे झाले. आणि तरी एटापल्लीच्या त्या दोन जिवांचे पान सापडत नाही!

का सापडत नाही ते सांगतो. अत्याचाराचा कायदा लागू व्हायचा तर मारणारा दलित वा आदिवासी नसावा लागतो. कायदा ज्या हेतूने केला त्या हेतूला धरून ते योग्यच आहे. सवर्णांच्या जुलमापासून दुबळ्यांना राखण्यासाठी तो जन्मला. पण एटापल्लीसारख्या मुलखात मारणारे आणि मरणारे दोघेही बहुधा आदिवासीच असतात. मग ते प्रकरण अत्याचाराच्या तक्त्यात जात नाही. अत्याचाराच्या कायद्याखाली खुनाला २०१६ साली सुधारलेल्या नियमांत सव्वाआठ लाखांचे साहाय्य ठरले, ते ह्यांना त्या कायद्याखाली मिळत नाही. त्या कायद्याची तपासाची रीत, विशेष न्यायालयाची घाई, जिल्ह्याच्या दक्षता समितीची देखरेख, ह्यांतले काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही. २०२२ साली अनुसूचित जातींवरचे ५७,५८२ आणि जमातींवरचे १०,०६४ गुन्हे त्या वहीत नोंदलेले आहेत. हे आकडे थोडे नाहीत. पण चेटकीण म्हणून आपल्याच गावकऱ्यांनी जाळलेली माडिया बाई त्या दहा हजार चौसष्टांत बसत नाही. ती फक्त खुनात जाते.

इथे एक विद्वान आक्षेप घेतील. ‘अहो, ही अंधश्रद्धा आहे. अज्ञान आहे. ह्याला द्वेष कशाला म्हणता?’ त्या विद्वानांना माझे सांगणे आहे, की अंधश्रद्धा कशावर आहे ते बघू नका. ती बळी कोणाचा निवडते ते बघा. गावात ताप आला, पोर दगावले, दुभते जनावर आटले. मांत्रिकाने सांगितले, करणी झाली. इथवर अज्ञान, मला मान्य आहे. पण करणी कोणी केली? आजवर सावकाराने केली, असे कोणत्या गावात ठरले? तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराने केली, असे कोणी म्हटले? ज्याच्या ट्रॅक्टरवाचून गावाचे धान निघत नाही, त्याच्या अंगणात मंत्रलेले लिंबू सापडल्याचे कोणी ऐकले आहे का? नाही. मांत्रिकाचे बोट फिरत फिरत नेमके एकट्या बाईच्या दारात थांबते. विधवा, निपुत्रिक, म्हातारी. जिची धानाची एक बांधी दिराच्या डोळ्यांत सलत असते अशी. नाहीतर गावकुसाबाहेरच्या घराशी थांबते. हे बोट आंधळे नाही. त्याला गावातली उतरंड चांगली दिसते.

माणसाने काय केले ह्यासाठी नव्हे, तर तो कोण आहे ह्यासाठी त्याला निवडून मारणे, ह्यालाच मी द्वेषाचा गुन्हा म्हणतो. तो एका माणसावर होतो, पण घाव त्याच्यासारख्या सगळ्यांवर पडतो. एका विधवेला खांबाला बांधले की पंचक्रोशीतल्या सगळ्या विधवा अंगणात दिवा लावताना दोनदा विचार करतात. चोरीच्या गुन्ह्यात हे घडत नाही. म्हणून त्याची नोंद निराळी हवी. दंड वाढवा, असे मी म्हणत नाही. तो न्यायाधीशांचा विषय. मी कारकून आहे, मी पान मागतो आहे.

कोणी म्हणतील, ‘जंगलातली मागासलेली माणसे ती, तिथे नोंदी कसल्या राहायच्या?’ ह्या वाक्यावर मला खरोखर संताप येतो. ज्या मुलखाला मागास म्हणता, त्याच चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेचा सोहळा केला. त्याच मुलखात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी, समाजाने अंगणाबाहेर टाकलेल्या कुष्ठरोग्यांना घेऊन, आनंदवन उभे केले. माणसाला माणूस म्हणून उभे करण्याचे काम ह्या मातीला नवे नाही. आणि नोंदी राहत नाहीत म्हणता? चला, आमच्या वाघाची नोंद दाखवतो!

ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातले पहिले. आमच्या जंगलात वाघ मेला तर काय होते, ते वाचकांना ठाऊक असावे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडकच आहे, की वाघाचा मृत्यू हा शिकारीने झाला असे आधी धरून चालायचे, आणि तसा नाही हे पुराव्याने सिद्ध झाले तरच त्याला नैसर्गिक म्हणायचे. पंचनामा, शवविच्छेदन, छायाचित्रे, बाहेरचे साक्षीदार, सारे यथासांग. दर चार वर्षांनी गणती होते. २०२२ च्या गणतीत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. कॅमेऱ्यातल्या छायाचित्रावरून, अंगावरच्या पट्ट्यांच्या नक्षीवरून, एकेक वाघ ओळखला जातो. मला ह्याचा अभिमान आहे; वाघाची नोंद एका अक्षराने कमी करा, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. तीच गोष्ट नक्षलवाद्यांच्या हिंसेची. गडचिरोलीत त्यांच्या हातून माणूस मेला, तर त्याची वेगळी गणना होते आणि ती केंद्रीय गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालात छापली जाते. म्हणजे दऱ्या दुर्गम आहेत, रस्ते नाहीत, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागड तुटते, ह्या सबबी तिथे आड आल्या नाहीत. मोजायचे ठरवले की सरकार मोजते. मग प्रश्न एवढाच उरतो : मोजायचे कोणाचे ठरवले?

‘बरे, मोजले. रकाने वाढवून द्वेष कमी होतो काय?’ हा पुढचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याचे उत्तरही गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली इथे ‘सर्च’ ही संस्था काढली आणि काय केले? प्रथम मरणे मोजली. सरकारी दप्तरात नवजात बालकांचे मृत्यू तुरळक दिसत. गावोगाव नोंद ठेवल्यावर ते किती आहेत आणि कशाने होतात, ते कळले. मग गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी सुरू झाली, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर २००१ साली ‘कोवळी पानगळ’ ह्या अहवालाने साऱ्या महाराष्ट्रातले दडलेले बालमृत्यू चव्हाट्यावर आणले. ज्या दुखण्याला दप्तरात जागा नव्हती त्याला औषधही नव्हते. मोजणी झाली, मग औषध आले. आणि हेही ध्यानात घ्या, की जे पोर वाचते त्याच्या मरणाचे खापर कोणा म्हातारीच्या डोक्यावर फुटत नाही. चेटकिणीचा एक जन्म बाळाच्या तिरडीवर होतो. म्हणून ती नोंद आणि ही नोंद ह्या सख्ख्या बहिणी आहेत.

आता सरकारने मोजण्याचा प्रयत्नच केला नाही, असे नाही. २०१७ च्या वर्षासाठी जमावाने केलेल्या हत्या, द्वेषाचे गुन्हे वगैरेंची माहिती राज्यांकडून मागवली होती. तो अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यात ती माहिती नव्हती. पुढे संसदेत सांगण्यात आले, की ह्या गुन्ह्यांच्या व्याख्या ठरलेल्या नसल्याने माहिती भरवशाची नव्हती, म्हणून गोळा करणे थांबवले. एखाद्या कारकुनाने ‘तक्ता चुकीचा भरून येतो, म्हणून तक्ताच बंद केला’ असे साहेबाला कळवले असते, तर त्याचे काय झाले असते? तक्ता चुकत असेल तर व्याख्या लिहून द्यायची असते, ठाण्याला शिकवायचे असते. आपण वहीच मिटली!

आणि ज्या दिवसांत ती मिटत होती, त्याच दिवसांत काय घडत होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते भटके, अनुसूचित जातीत नाहीत, जमातीत नाहीत. म्हणजे अत्याचाराच्या पानावर त्यांना जागा नाही. त्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविषयी सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमावा असे सांगितले, संसदेला वेगळा कायदा करण्याची शिफारस केली. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान तशाच अफवेच्या जमावाला बळी पडले. खांद्यावर झोळी असो वा अंगावर भगवे असो, अनोळखी माणूस म्हणजे आपला वैरी, ही वृत्ती तीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप, असे तिच्या १०३ व्या कलमात लिहिले आहे. ठीक झाले. पण ‘अशा कारणावरून’ हे ठरायचे कधी? पहिल्या दिवशी फिर्याद लिहिताना कारण विचारले असेल तर! ते न विचारता वर्षांनी न्यायालयात कारण शोधायचे म्हणजे पीक कापून झाल्यावर पेरणीची नोंद करण्यासारखे आहे.

ह्या ‘कारणा’ने आपल्याला किती फसवले, ते विदर्भाला सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली : आई, मुलगी, दोन मुलगे. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी दिली. २०१० साली नागपूर खंडपीठाने त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. शिक्षा झाल्या, हे खरे. पण अत्याचाराचा कायदा मात्र लागला नाही. हे सूडाचे प्रकरण, जातीचे नव्हे, असे ठरले. मी न्यायालयाशी वाद घालीत नाही. समोर जेवढा पुरावा येतो तेवढ्यावर ते निकाल देते. मी विचारतो, तो पुरावा पहिल्या दिवसांत कोणी जमवायचा होता? पुढे २०१५ च्या दुरुस्तीने कायद्याचे शब्द बदलले. मोठ्या गुन्ह्यात पूर्वी ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा झाला हे दाखवावे लागे, आता ‘जात ठाऊक असताना’ झाला हे पुरे. ही सुधारणा यायला खैरलांजीनंतर नऊ वर्षे लागली.

हा रोग आपल्यालाच आहे, असेही नाही. अमेरिकेत १९९० सालापासून द्वेषगुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा आहे. पण तिथल्या स्थानिक पोलिसांनी माहिती पाठवणे ऐच्छिक, आणि कित्येक ठाण्यांकडून शून्य येते. म्हणजे तिथेही आपला ‘निरंक’ आहेच, फक्त इंग्रजीत! इंग्लंडची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स ह्या अठरा वर्षांच्या काळ्या तरुणाला बसथांब्याजवळ गोऱ्या टोळीने भोसकले. तपासाचे इतके वाटोळे झाले, की अखेर चौकशी बसवावी लागली. सर विल्यम मॅकफर्सन ह्यांच्या १९९९ च्या अहवालाने एक साधा नियम घालून दिला : ज्या घटनेला बळी पडलेला माणूस, किंवा दुसरा कोणीही, वंशद्वेषाची म्हणतो, ती तशी म्हणूनच नोंदवायची. गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. नोंद तशी करायची आणि तपास त्या दिशेने चालवायचा. काय चमत्कार आहे पाहा! हा तोच न्याय आहे, जो आपण ताडोबातल्या मेलेल्या वाघाला केव्हाच दिला आहे.

आता शेवटचा आक्षेप, आणि हा आपल्या घरातला आहे. ‘असे पान उघडले तर गावाची बदनामी होईल.’ होईल! २००७ सालापासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम चालली. तंटे गावातच मिटावेत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, हा तिचा हेतू चांगला आणि तिला बक्षिसेही होती. पण बांधावरच्या तंट्याला आणि एका बाईला खांबाला बांधण्याला एकच ‘तंटा’ म्हणू लागलो, की बक्षिसाच्या पाटीखाली खांब दडतो. ज्या गावाला शांततेचे मानचिन्ह हवे असते, त्या गावात मार खाल्लेली बाई तक्रार करते तेव्हा तीच गावाची वैरीण ठरते. शांतता आणि गप्प बसणे ह्यांत फरक आहे, हे आपल्या घरातली सून सासूला सांगू शकेल!

मग मागणे काय? फार मोठे नाही. कारकुनाच्या ऐपतीएवढे आहे. फिर्याद लिहून घेताना प्रत्येक मारहाणीत, जाळपोळीत, बहिष्कारात एक प्रश्न विचारावा : ‘तुम्ही कोण आहात ह्यामुळे हे झाले, असे तुम्हाला वाटते का? जातीमुळे, धर्मामुळे, एकटे असल्यामुळे, चेटकाच्या आरोपामुळे?’ आणि उत्तर तिच्याच शब्दांत, मराठीत नसेल तर माडियात वा गोंडीत बोललेले समजून घेऊन, लिहावे. दुसरे, ठाण्यात अशा गुन्ह्यांची वेगळी वही असावी आणि तिच्यात धमकी व बहिष्कारही असावा; कारण जाळण्यापूर्वी गाव बहुधा पाणी तोडते. तिसरे, चेटकाच्या आरोपाखाली मारलेल्याला, मारणारा कोणत्याही जातीजमातीचा असो, साहाय्य आणि संरक्षण सारखेच मिळावे. चौथे, त्या वहीला शेवटचा एक रकाना असावा : ‘पुढे काय झाले?’ ती गावात परतली का, पोरे शाळेत जातात का, शेत कोण कसतो, खटल्याचा निकाल काय? हा रकाना आज कोठेही नाही, आणि माझ्या मते देशाची सगळी लाज त्या एका रकान्यात मावेल. आणि पाचवे, राष्ट्रीय वहीत हे सारे व्याख्येसह दरवर्षी छापावे. आकडा वाढला तर सरकारने घाबरू नये. पहिल्या वर्षी तो वाढणारच. झाकलेले उघडले की वाढलेले दिसते.

‘हे सरकारने करायचे, आम्ही काय करणार?’ असे म्हणून हा अंक मिटू नका. अत्याचार कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचे असते. जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे दक्षता अधिकारीही असतो. तुमच्या जिल्ह्याची समिती गेल्या वर्षी किती वेळा बसली? तिच्या इतिवृत्तात काय लिहिले आहे? त्या दक्षता अधिकाऱ्याकडे किती तक्रारी आल्या? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि अर्जाला दहा रुपये लागतात. फटाक्यांच्या एका माळेहून ते कमी आहेत. घरात कॉलेजात जाणारा मुलगा असेल, मुलगी असेल, तर भाऊबीज झाली की त्यांच्याकडून हा अर्ज लिहून घ्या. अक्षर सुवाच्य असू द्या. आणि उत्तर ‘निरंक’ असे आले, तर तिथेच थांबू नका. दुसरा अर्ज करा, आणि त्यात एवढेच विचारा : हे निरंक कोणी, कोणाला विचारून लिहिले?